रात्रपाळीला फार्मसीत दुसरा माणूस द्या : इंदूरच्या हॉस्पिटल मॅनेजमेंटला खुलं पत्र

इंदूरमधल्या खासगी हॉस्पिटलांचे डायरेक्टर साहेब, मेडिकल सुपरिटेंडेंट मॅडम-सर आणि ज्यांच्या हातात ड्युटीचा रोस्टर असतो ते एचआरवाले, सगळ्यांना नमस्कार.

मी चौदा वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करतेय, त्यातली नऊ वर्षं मागच्या खोलीत. मागची खोली म्हणजे जिथून वॉर्डांना, आयसीयूला, ऑपरेशन थिएटरला औषधं जातात ती, पेशंटला ती कधीच दिसत नाही आणि खरं सांगायचं तर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनीही ती उद्घाटनाच्या दिवसानंतर पाहिलेली नाही. आयकार्डवर माझं पद फार्मसी टेक्निशियन असं लिहिलंय. आपल्या फार्मसीच्या कायद्यात हा शब्दच नाही, कायद्याला माहितीये तो रजिस्टर्ड फार्मासिस्ट, आणि मी तीच आहे, दोन वर्षांचा डी.फार्म म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, 500 तासांचं ट्रेनिंग, फार्मसी कौन्सिलमध्ये नाव, सगळं रीतसर. पण पदाचं भांडण आज करायचं नाहीये. आज एकच गोष्ट मागायची आहे, रात्री दहा ते सकाळी आठ या पाळीत मागच्या खोलीत एकाऐवजी दोन माणसं ठेवा.

मराठीत लिहितेय कारण इंदूरच्या हॉस्पिटलांत, डॉक्टरांमध्ये, मॅनेजमेंटमध्ये आपली मंडळी भरपूर आहेत. रामबागेतले, लोकमान्यनगरचे, आमच्या राजेंद्रनगरचे कितीतरी जण रोज माझ्या आसपास वावरतात, आणि दिवसभर हिंदीत बोलून झाल्यावर मनातलं नीट सांगायचं तर मला माझीच भाषा लागते.

आधी हे सांगते की रात्री तिथे चालतं काय, कारण दर वेळी मला उत्तर मिळतं की रात्री काम कमी असतं. बिलं कमी असतात हे खरंय. दिवसा डिस्चार्जची गर्दी असते, ओपीडीच्या चिठ्ठ्या असतात, रात्री त्या नसतात, आणि तुम्ही कामाचा हिशोब बिलांवर करता. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या डोसचे सगळे ट्रे रात्री भरतात, प्रत्येक बेडचा वेगळा. वॉर्डांचे इंडेंट, म्हणजे औषधांच्या मागण्या, रात्री निघतात. फ्रिजचं टेंपरेचर बघून लिहायचं, इन्शुलिन आणि लसी 2 ते 8 डिग्रीतच राहायला पाहिजेत, लाइट जाऊन आली की परत बघायचं. ज्यांची एक्सपायरी तीन महिन्यांत येतेय तो माल वेगळा काढायचा, जुना पुढे नवा मागे लावायचा. एचवन रजिस्टर, म्हणजे ज्या औषधांवर कायद्याची जास्त नजर असते त्यांचं, भरायचं, त्यात पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध, किती दिलं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं. मॉर्फिन, फेंटानिलचं कपाट डबल लॉकमध्ये, त्याचा एकेक ॲम्प्युल, म्हणजे इंजेक्शनची काचेची कुपी, मोजायचा. वॉर्डातून परत आलेला माल लावायचा. आणि हे चालू असताना इमर्जन्सीत कोणी आलं की सगळं सोडून धावायचं, कारण ते थांबू शकत नाही, आणि खिडकीवर नातेवाईक आले की तिथेही मीच, कारण पुढच्या काउंटरला रात्री कोणी नसतं.

यातलं एकही काम अवघड नाही. अवघड हे आहे की प्रत्येक काम मध्येच तुटतं.

आता एक रात्र सांगते. नऊ वर्षांत माझ्या हातून अशा चुका मोजक्याच झाल्या आणि ही सगळ्यात मोठी आहे. दोन वर्षांपूर्वीची अनंत चतुर्दशी. इंदूरची ती रात्र कशी असते तुम्हाला ठाऊक आहे, मिलच्या झांक्या म्हणजे चित्ररथ निघतात, जेल रोड, राजवाडा सगळं माणसांनी भरलेलं, सकाळपर्यंत शहर झोपत नाही. माझे आजोबा मिलमध्ये होते, लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून मी झांक्या पाहिल्यात, त्यामुळे त्या रात्री ड्युटी लागली की मला जरा वाईटच वाटतं. असो. रस्ते बंद होते म्हणून आम्हाला माल पुरवणाऱ्या स्टॉकिस्टचा मुलगा दवाबाजारातून निघून दोन तास अडकला होता, गर्दीत चक्कर आलेले, पडलेले पेशंट येत होते, आणि मी एकटी.

साडेबाराच्या सुमारास आयसीयूतून रिटर्नचा ट्रे आला. पेशंट शिफ्ट झाला की न वापरलेली औषधं परत येतात, ती एकेक बघून, बॅच बघून, बिलातून वजा करून आपापल्या डब्यात ठेवायची असतात. ट्रेमध्ये पोटॅशियम क्लोराइडचे दोन ॲम्प्युल होते आणि सोडाबायकार्बचे तीन. दोन्ही 10 मिलीचे, दोन्हीत पाण्यासारखं पातळ औषध, लेबलवरची अक्षरं मुंगीएवढी. मी ते हातात घेतले आणि फोन वाजला, पीडियाट्रिकची सिस्टर विचारत होती की अमुक अँटिबायोटिक नाहीये तर दुसऱ्या कंपनीचं चालेल का, तिला उत्तर देतेय तोवर खिडकीवर एक काका काच वाजवायला लागले, "मैडम जल्दी कर दो, अंदर डॉक्टर रुके हैं", आणि मागून वॉर्डबॉय भैया इमर्जन्सीची चिठ्ठी घेऊन उभा. मी ॲम्प्युल टेबलावर ठेवले. परत आले तेव्हा कुठपर्यंत बघितलं होतं ते आठवेना, आणि मी परत पहिल्यापासून बघायला हवं होतं, ते बघितलं नाही, कारण चिठ्ठीवाला भैया अजून उभाच होता. पोटॅशियमचा एक ॲम्प्युल सोडाबायकार्बच्या डब्यात गेला.

जे डॉक्टर नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पोटॅशियमच्या त्या 10 मिलीत 1.5 ग्रॅम औषध असतं, डॉक्टरांच्या भाषेत 20 मिलिइक्विव्हॅलंट. ते सलाइनच्या बाटलीत मिसळून, पातळ करून, तासनतास हळूहळू द्यायचं असतं. तेच सुईने थेट शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं. आणि सोडाबायकार्ब कधी कधी थेटच देतात, पेशंट कोसळत असताना, घाईघाईत.

तीन वाजता आयसीयूने पाच सोडाबायकार्ब मागवले. मी डब्यातून काढून दिले. दहा मिनिटांनी सिस्टरचा फोन, "मॅडम, यात एक पोटॅशियम आलंय." त्या सिस्टरला ॲम्प्युल फोडायच्या आधी नाव मोठ्याने वाचायची सवय होती. ती सवय नसती तर काय झालं असतं ते मी इथे लिहीत नाही, मला त्या रात्रीनंतर बरेच दिवस झोप लागत नव्हती एवढंच सांगते.

दोन दिवसांनी मला लेखी स्पष्टीकरण मागितलं. मी चूक लपवली नाही, जसं झालं तसं लिहून दिलं. त्यावर शिक्का बसला, निष्काळजीपणा, फाइल बंद. मला शिक्षा झाली याचं दुःख नाहीये, चूक माझ्या हातून झाली होती. दुःख याचं आहे की त्या कागदावर कुणीही एक प्रश्न विचारला नाही, की त्या वेळी खोलीत किती माणसं होती. आणि पुढच्या महिन्याच्या रोस्टरमध्ये रात्रीच्या पाळीला परत एकच नाव होतं.

मी त्या हॉस्पिटलचं नाव घेत नाही, कारण हे एका हॉस्पिटलचं नाही. माझ्या बरोबर शिकलेल्या मैत्रिणी शहरात ठिकठिकाणी आहेत, भेटलो की आम्ही याच गोष्टी बोलतो, औषधं वेगळी आणि रात्र तीच.

आता दुसरा माणूस आला की नेमकं काय बदलतं ते सांगते, कारण तुम्ही म्हणाल दुसरा येईल आणि दोघं गप्पा मारतील. औषधांच्या कामात डबल चेक म्हणून एक पद्धत आहे आणि ती पुष्कळ ठिकाणी चुकीची केली जाते. एकाने काढलं, दुसऱ्याला म्हटलं "बघ रे, बरोबर आहे ना", दुसऱ्याने मान हलवली, हा डबल चेक नाही. पहिल्याने सांगितलं की बरोबर आहे, मग दुसऱ्याच्या डोळ्यालाही ते बरोबरच दिसतं. खरा डबल चेक म्हणजे दुसऱ्याने पहिल्याचा हिशोब न बघता, चिठ्ठी हातात घेऊन, पहिल्यापासून स्वतः काढायचा आणि मग दोन्ही जुळवायचे. एकट्या माणसाला हे करता येत नाही. मी स्वतःचाच हिशोब तीन वेळा केला तरी पहिल्यांदा जिथे चुकले तिथेच परत चुकते, हे मी अनुभवाने सांगते.

लहान मुलांच्या तापाचं साधं औषध घ्या, पॅरासिटामॉल. थेंबाच्या बाटलीत 1 मिलीला 100 मिलिग्रॅम असतं. साध्या सिरपमध्ये 5 मिलीला 120, म्हणजे 1 मिलीला 24. दहा किलोच्या बाळाला 150 मिलिग्रॅम द्यायचं तर थेंबांतून दीड मिली आणि सिरपमधून सव्वासहा मिली. चिठ्ठीवर नुसतं 6 मिली लिहिलंय आणि मी घाईत थेंबांची बाटली दिली, तर चौपट डोस. दोन्हीची खोकी एकाच कंपनीची, एकाच रंगाची, वर तेच हसणारं बाळ.

इन्शुलिनचं तर मला सगळ्यात जास्त भय वाटतं. आपल्याकडे वायलमध्ये, म्हणजे छोट्या काचेच्या बाटलीत, बहुतेक 1 मिलीला 40 युनिट असतं आणि पेनमध्ये 100. सिरिंज पण दोन, लाल टोपीची 40 ची, केशरी टोपीची 100 ची. पेनमधलं इन्शुलिन कुणी 40 च्या सिरिंजने ओढलं आणि 10 च्या रेघेपर्यंत भरलं तर जातात 25 युनिट. पेशंट रात्रीतून बेशुद्ध. ही चूक वॉर्डात होते पण तिची सुरुवात आमच्याकडे होते, इन्शुलिनबरोबर कुठली सिरिंज पाठवली तिथे. दुसरा माणूस ट्रे बघताना टोपीचा रंग बघतो, बस, एवढंच काम आहे त्याचं, आणि त्याला पाच सेकंद लागतात.

नावांचा गोंधळ वेगळाच. डोपामीन आणि डोब्युटामीन, दोन्ही आयसीयूत, दोन्ही रक्तदाब पडला की लागतात, दोन्ही एकाच कपाटात. ब्रँडची नावं तर त्याहून जवळ, मलेरियाच्या औषधांच्या फाल्सिगो आणि फाल्सिटॅब या दोन नावांवरून दोन कंपन्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या होत्या आणि 2001 मध्ये कोर्टाने म्हटलं की औषधांच्या नावात साम्य असेल तर इतर मालापेक्षा जास्त कडक बघितलं पाहिजे, कारण इथे गोंधळाने जीव जाऊ शकतो. डॉक्टरांनी वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत आणि जेनेरिक नावाने लिहावं हा नियम 2016 पासून आहे. खूप डॉक्टर पाळतात, त्यांचे मनापासून आभार. पण रात्री तीन वाजता, थकलेल्या रेसिडेंटच्या हाताने लिहिलेलं नाव कधी कधी मलाही दोन प्रकारे वाचता येतं, आणि ते दोन प्रकारे वाचता येतंय हे कळायला दुसरा वाचणारा लागतो, कारण मला तर पहिल्या नजरेत एकच दिसलं.

तुम्ही म्हणाल बारकोड लावू, सॉफ्टवेअर घेऊ. जरूर घ्या, मला हवंच आहे. 1 ऑगस्ट 2023 पासून 300 ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला, चांगलीच गोष्ट झाली. पण कोड असतो बहुतेक खोक्यावर. आम्ही खोकं देत नाही, आम्ही देतो कापलेल्या स्ट्रिपच्या तीन गोळ्या आणि खोक्यातून काढलेला सुटा ॲम्प्युल. मशीनला सुटा ॲम्प्युल वाचता येत नाही, तो डोळ्यांनीच वाचावा लागतो.

आणि कायद्याचीही बाजू आहे. 1948 च्या फार्मसी ॲक्टच्या कलम 42 प्रमाणे चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनेच द्यायचं, आणि औषधांच्या नियमांतला नियम 65 म्हणतो की फार्मासिस्टच्या स्वतःच्या देखरेखीखालीच दिलं गेलं पाहिजे. आता रात्रीच्या दहा तासांत तिथे एकच फार्मासिस्ट आहे. मला बाथरूमला जायचंय, मला ताप आहे, मला डबा खायचाय. ती पंधरा मिनिटं औषध कोण देणार? वॉर्डबॉय भैयाने दिलं तर कायदा मोडतो, नाही दिलं तर पेशंट थांबतो. मी आजवर रात्रीचा डबा एका जागी बसून पूर्ण खाल्लाय अशा रात्री मला बोटांवर मोजता येतील. आई रोज विचारते, पोळी परत का आली. तिला काय सांगू.

एक रात्र मात्र अशी होती की आम्ही दोघं होतो, आणि तिच्याचमुळे हे पत्र लिहायचा धीर झाला. 2025 चा ऑक्टोबर. आपल्याच प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या सिरपने लहान मुलं दगावली, वीसहून जास्त, त्या बॅचमध्ये 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, जे 0.1 टक्क्याच्या वर असायलाच नको, किडन्या निकामी करणारं विष ते. सरकारने ते सिरप बंद केलं आणि आमच्याकडे आदेश आला की रात्रीतून सगळा स्टॉक तपासा. खास त्या कामासाठी दिवसपाळीच्या दादांना रात्री थांबवलं. आम्ही शेल्फवरची, वॉर्डांच्या कपाटांतली, रिटर्नच्या पेट्यांतली प्रत्येक बाटली काढली. मी नाव आणि बॅच वाचायची, दादा रजिस्टरशी जुळवायचे, मग पुढच्या रांगेला ते वाचायचे आणि मी जुळवायची. ते सिरप आमच्याकडे नव्हतं, देवाची कृपा.

पण पहाटेपर्यंत आम्हाला दुसरंच सापडलं. सिरपच्या रांगेत मागे थेंबांच्या दोन बाटल्या. एका वॉर्डाच्या कपाटात महिन्यापूर्वी एक्सपायर झालेलं सिरप. डोब्युटामीनच्या डब्यात डोपामीनचा एक वायल. हे सगळं कुणा आळशी माणसाने केलेलं नव्हतं, बाहेरून कुणी टाकलेलं नव्हतं, मी आणि माझ्यासारख्यांनी एकट्याने, फोन आणि खिडकी आणि चिठ्ठी यांच्यामधे उभं राहून ठेवलेलं होतं. त्या एका रात्रीत दोन माणसांनी जेवढं पकडलं तेवढं मी एकटीने वर्षभरात पकडलं नसेल. सकाळी दादा म्हणाले, "ताई, हे रोज व्हायला पाहिजे." दुसऱ्या रात्री मी परत एकटी.

पैशाचं मला कळतं. एका डी.फार्म झालेल्या मुलाचा पगार आपल्या शहरात किती आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, तो आयसीयूच्या एका बेडच्या महिन्याच्या भाड्याच्या आसपासही जात नाही. दरवर्षी शहरातल्या कॉलेजांतून मुलं पास होऊन निघतात आणि मेडिकल दुकानात बिलं फाडत बसतात, कारण हॉस्पिटलांत जागा निघत नाहीत. त्यांना आत घ्या. पहिली दोन वर्षं ती आमच्याबरोबर रात्री राहिली तर जे आम्ही चुका करून शिकलो ते ती चुका न करता शिकतील.

25 सप्टेंबरला फार्मासिस्ट डे असतो, तुम्ही दरवर्षी केक कापता, फोटो काढता, आम्हाला बोलावता, चांगलं वाटतं. मी दोन वेळा आलेय, रात्रपाळी संपवून, डोळे चुरचुरत असताना. 17 सप्टेंबरला पेशंट सेफ्टी डे असतो, त्याचे बोर्ड लिफ्टसमोर लागतात. 2022 मध्ये त्या दिवसाचा विषयच औषधांची सुरक्षितता होता, तो बोर्ड मी स्वतः चिकटवला होता. यंदा केक नको. त्या पैशातून निदान आयसीयू असलेल्या फार्मसीत, निदान रात्री दहा ते चार, दुसरा माणूस बसवून बघा. तीन महिने करून बघा. त्या तीन महिन्यांत पेशंटपर्यंत जायच्या आधी किती चुका पकडल्या त्याची वही मी स्वतः ठेवते, एकच अट आहे, त्या वहीत ज्याचं नाव येईल त्याला मेमो द्यायचा नाही. मेमोच्या भीतीने लोक चूक लपवतात, आणि लपलेला ॲम्प्युल डब्यात तसाच पडून राहतो.

त्या आयसीयूच्या सिस्टर आता दुसरीकडे गेल्या. मध्यंतरी सराफ्यात भेटल्या, मी त्यांची नवऱ्याशी ओळख करून दिली आणि म्हटलं, यांनी माझी नोकरी वाचवली. त्या म्हणाल्या, "नोकरी नाही गं, त्या आजोबांना." मला तोवर माहितीच नव्हतं की ते सोडाबायकार्ब कुणासाठी मागवलं होतं. बहात्तर वर्षांचे होते, चालत घरी गेले म्हणे.

पुढच्या महिन्याचा रोस्टर 25 तारखेला लागतो. आमच्या इथे तो फार्मसीच्या दाराला चिकटवतात आणि रात्रीच्या रकान्यात एकच नाव मावेल एवढीच जागा ठेवलेली आहे. यावेळी तो रकाना रुंद करून छापा.

आपली,
रात्रपाळीची एक फार्मासिस्ट,
राजेंद्रनगर, इंदूर